सांगलीतील चर्चामालेच्या अनाम सहकाऱ्यांचे आभार

राष्ट्रपतींचे अधिकार आणि चालू प्रश्न या विषयांवर सांगलीत झालेल्या चर्चामालेस ज्यांनी नाव न सांगता हातभार लावला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९७५ ची आणीबाणी मंत्रिमंडळाच्या पूर्वसंमतीविना, केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावर जाहीर झाली आणि म्हणूनच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, हा दुवा ज्या निवृत्त शिक्षिकेने राज्यघटनेतील आणीबाणीविषयक कलम ३५२ च्या झेरॉक्स प्रती स्वखर्चाने वाटून उलगडला, त्यांचे ऋण विशेष आहे. माझ्या मते तीच या मालेतील सर्वांत मोलाची संध्याकाळ होती. राज्यांतील राष्ट्रपती राजवटीविषयीच्या कलम ३५६ वरील वादात दोन्ही बाजूंना पूर्ण बोलू देणारे वकील आणि भर पावसात सतरंज्या वाहून आणणारी महाविद्यालयीन मुले यांचेही आम्ही आभारी आहोत.