रुपयामागे दोन आणे

पुणे,
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला मी चार वेळा सुरुवात केली. चारही वेळा आईने मध्येच "जेवलीस का?" विचारलं आणि बाबा, तुम्ही "ठेव आता, बिल वाढतंय" म्हणालात. (बिल वाढत नाही हो आता, किती वेळा सांगू.) म्हणून पत्र. यात मध्ये बोलता येत नाही.

आधी तेच सांगून टाकते. मसाल्याच्या दुसऱ्या दुकानासाठी बघितलेली सिंहगड रोडची जागा मी घेत नाहीये. परवा मालकांना भेटून नाही म्हणून आले. टोकनच्या 25,000 मधले 15,000 परत मिळाले, दहा गेले. ते मी माझ्या डोक्याने दिले होते, तेव्हा ते माझेच गेले. आणि बाबा, पोस्टातली ठेव मोडायची नाही. फॉर्म भरून ठेवला असेल तर तो फाडा. मी पुढच्या खेपेला कपाट बघणार आहे.

तुम्ही हिरमुसाल हे मला माहीत आहे. पाडव्याला वहीपूजनाचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही उत्तर लिहिलंत, "पुढच्या पाडव्याला दोन वह्या." ते वाचून मी गल्ल्याशी बसून राहिले, मावशींना वाटलं उदबत्तीचा धूर गेला डोळ्यांत. माझं "नाही" तेव्हाच ठरलं होतं, फक्त तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं. सुरूर फाट्यावरच्या तुमच्या न चाललेल्या दुकानाचं मनात धरून मी हे करत नाहीये. खरंच नाही. ते दिवस वेगळे होते. आणि त्यात गेलेल्या आईच्या पाटल्यांचा विषय तर मी काढणारच नाही.

हिशेब मात्र सांगते, कारण हिशेब दाखवला की तुम्ही निम्मे शांत होता. भाडं 38,000. मशीन आणि डिपॉझिटसाठी 12 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांचं, त्याचा हप्ता साधारण 25,800. दोन बायका कामाला, 30,000. म्हणजे शटर उघडायच्या आधीच महिन्याला 93,800. किलोमागे माझ्या हातात 140 रुपये उरतात. भागून बघा. नुसता खर्च निघायला महिन्याला 670 किलो माल जायला हवा. आत्ताच्या जागेतून माझा सगळ्यात चांगला महिना कुठला, तर एप्रिल, 540 किलो. आणि आषाढात? 120. पावसात कोण मसाला करतं, बाबा? तुमच्याच दुकानात आषाढात बरणीवर माशी बसत नसे.

आता जरा लाज वाटण्यासारखं सांगते. गेल्या वर्षी 1 जानेवारीला मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, "38 लाख". आदल्या वर्षीची विक्री 19 होती, तिची सरळ दुप्पट. का दुप्पट, याला काही उत्तर नाही. तो आकडा गोल दिसत होता, एवढंच. मग त्याचे बारा भाग केले आणि दर महिन्याला सव्वातीन लाखांच्या आसपास मांडले. मिरचीचा धंदा आणि बारा सारखे भाग! चिंचेला बारा महिने चिंचा लागायला सांगण्यातला प्रकार. जून-जुलैत आकडा कोसळला, मी घाबरले, आणि काहीतरी करायचं म्हणून भर पावसात 150 किलो बेडगी उचलली. पंधरा दिवसांनी कट्टा उसवला. आत हात घातला तर मिरची मोडेना, चामड्यासारखी वाकली. सादळली होती. देठापाशी पांढरी लव, आणि वास असा की बंद घरातली गादी उलटावी. 60 किलो फेकली. तेव्हा तुम्हाला "थोडी खराब निघाली" सांगितलं होतं. थोडी नव्हती.

मार्चअखेर विक्री झाली 21 लाख 40 हजार. भिंतीवरच्या 38 कडे बघत मी महिनाभर तोंड पाडून फिरत होते. मग कधीतरी रात्री पाटी-पेन्सिल केल्यासारखा हिशेब केला, तर आदल्या वर्षीच्या 19 वर ती वाढ निघाली जवळजवळ रुपयामागे दोन आणे, म्हणजे साडेबारा टक्के. तुम्ही गिऱ्हाइकाला नव्हे, स्वतःला सांगायचात ना, "रुपयामागे दोन आणे सुटले तर देवाला नारळ फोडावा." मी नारळ फोडायचा सोडून रडत बसले होते.

बाबा, तुमचा रोजमेळ आठवतो मला. लाल कापडाची वही, पहिल्या पानावर "शुभ" आणि "लाभ", मध्ये कुंकवाचा स्वस्तिक. मी गुळाच्या ढेपेवर बसून बघायची. तुम्ही रात्री गल्ला मोजून झाला की पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंतचं काहीतरी लिहायचात. "तूरडाळ दोन कट्टे संपवणे." "अमुक आळीची उधारी निम्मी तरी." वर्षाचं काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, बाबांना मोठं काही सुचत नाही. माफ करा. तुमच्या मांडीवर झोप लागली की तुम्ही तागडीचा आवाज होऊ देत नव्हता, पारडं हातात धरून ठेवायचात. हे मला आईने सांगितलं, लग्न ठरल्यावर.

तर या वर्षी मी तसंच करतेय. भिंतीवरचं पुसलं. वर्ष साडेतीन मुहूर्तांवर तोडलंय, कारण ते मला लक्षात राहतात आणि त्या दिवशी तुमचा फोन येतोच. संक्रांतीपर्यंत नवीन काहीच नाही, फक्त वसुली. दुकानदारांकडे 2 लाख 10 हजार अडकलेत. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, झालेली आहे, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर तो खर्च दुकानदाराला त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरावा लागतो. हे मी गोड बोलून सांगतेय सगळ्यांना. एकाने लगेच चेक काढला. एकाने चहा पाजला, अजून चहाच चालू आहे.

नवी बेडगी जानेवारीपासून बाजारात येते, ती यंदा एकदम न घेता तीन खेपांत घेणार. सांगलीची हळद मार्चमध्ये. पाडव्याला गुढी उभारली की पहिला आढावा, अक्षय तृतीयेला दुसरा. त्यानंतर दसऱ्यापर्यंत मोठी पोकळी आहे, पण ती पावसाची आहे, तिथे मुद्दामच काही ठेवलं नाही. मशीनची कामं, पातं बदलणं, आणि चार दिवस आम्ही तिघं कुठेतरी. दसऱ्याला भाजणीच्या ऑर्डरी बंद. 300 किलो झाली की पाटी उलटी. विक्रीचा आकडा यंदा 24 लाख. पुन्हा दोन आणेच, बाबा. मार्चमध्ये नातीची दहावी आहे आणि मिरचीचा हंगामही ऐन तेव्हाच. दुसरं दुकान असतं तर तिच्या पेपराच्या सकाळी मी कुठे असते, तुम्हीच सांगा. ती म्हणते, "आई, तू नसलीस तरी चालेल." तशी मीही म्हणायची.

हे डोक्यात कुठून आलं सांगू? तुमच्या साखरेवरून. ती तीन महिन्यांची तपासणी 9.2 आली तेव्हा तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "पुढच्या वेळी सहा करून दाखवतो." आणि ते हसून म्हणाले, "काका, चौऱ्याहत्तराव्या वर्षी सहाच्या मागे लागाल तर चक्कर येऊन पडाल. साडेसातपर्यंत या, तेही हळूहळू." पुढच्या खेपेला 8.1 आली. तुम्हाला ते नापास झाल्यासारखं वाटलं, मला खूप आनंद झाला होता. घरी येताना गाडीत मनात आलं, मी दुसऱ्यासाठी जे समजते ते स्वतःला का नाही लावत.

आई, आता तुझ्याशी.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. तारीख फराळाच्या आठवड्यात आली, मी म्हटलं दादा आहे, वहिनी आहे, छोटंसं तर ऑपरेशन. तू म्हणालीस, "अगं वीस मिनिटांचं काम, कशाला येतेस." आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं मानायचं होतं. त्या दिवशी अकरा वाजता मी चकलीच्या भाजणीची पाकिटं सील करत होते आणि दर पाकिटाला घड्याळ बघत होते. दुपारी दादाने फोटो पाठवला, डोळ्यावर हिरवी पट्टी आणि तू हसतेयस. तो फोटो मी अजून नीट बघितलेला नाही.

गेल्या वर्षी मी तुला शब्द दिला होता, दर रविवारी येईन. वही काढून मोजलं, अख्ख्या वर्षात अकरा वेळा आले, त्यातही चार वेळा जेवून संध्याकाळी परत. उरलेले रविवार तू दुपारपर्यंत भाजी चिरून ठेवायचीस, हे वहिनीने सांगितलं. म्हणून या वर्षी मी दर रविवार म्हणणार नाही. महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारी येईन आणि रविवारी रात्री निघेन. महिन्यात एकदा. कमी आहे, मला कळतं. पण तो वार मालाच्या डिलिव्हरीच्याच वहीत लिहिलाय, त्याच शाईने. आता तेवढ्यासाठीच चिरून ठेव. वांगी नको, हे खात नाहीत.

आणखी एक, हे वाचून घाबरायचं नाही. सप्टेंबरात माझं बीपी 150 वर 96 निघालं होतं. गोळी चालू आहे, आता 130 च्या आसपास असतं, परवाच मोजलं. सांगितलं नाही कारण तू उपास धरला असतास. धरू नकोस. रात्री अकराला झोपते. दुपारी डबा वेळेवर खाते, उभ्याने नाही, बसून. गीझर दुरुस्त झाला. नवी गादी घेतली, कापसाचीच, पिंजाऱ्याकडून भरून घेतली, तू म्हणतेस तशी. मसाला कुटताना तोंडाला ओढणी नाही, चांगला मास्क लावते. सकाळी अर्धा तास चालते. रोज नाही जमत, आठवड्यात चार दिवस. वहीत चारच लिहिलेत.

आता ऐका दोघंही. आई, थेंब संपेपर्यंत घालायचे, बरं वाटलं म्हणून सोडायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी डॉक्टर सांगतील तेव्हाच, फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही, आणि पिंपातली कळशी उचलताना तुला कुणी पाहिल्याचं मला कळलं तर मी शनिवारची वाट बघणार नाही. बाबा, घाटावर जाताना ती गुळगुळीत चप्पल नको. नवी आणलेली खोक्यातून काढा, देवाला वाहिलेली नाही ती. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा वहिनी रविवारी भरते, त्यात हात घालून "आजची कालच घेतली" करायचं नाही. तीन महिन्यांची तपासणी जानेवारीत आहे, मी त्याच शनिवारी धरलीये. आकडा काय येईल तो येईल. बाथरूममधला दांडा बसवायला माणूस बुधवारी येतोय, त्याला "आम्हाला नको" म्हणून परत पाठवू नका. पैसे दिलेत.

जागेचं कुणी विचारलं तर सांगा, मुलीने विचार बदलला. तुमचा विचार होता हे सांगू नका, तो चांगलाच होता. वेळ माझी नव्हती.

तुमची
ताई

ता. क. दादाबरोबर कांदा-लसूण मसाल्याची बरणी पाठवतेय, बाबांना झेपेल अशी, संकेश्वरी कमी घातलीये. आई, ती तू उघडायची नाहीस, डोळा आहे. बाबांना उघडू दे, ओसरीवर जाऊन. त्यांना सात शिंका येतील. मोजून मला कळवा.