गाव दाखवणारा माणूस त्या गावातलाच हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इटलीच्या सहलीला गेलेले बहुतेक पुणेकर पिसाच्या कललेल्या मनोऱ्यापाशी छायाचित्रे काढून थेट फ्लॉरेन्सला निघतात. पिसाहून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेले लुक्का हे तटबंदीचे छोटे शहर सहलींच्या कार्यक्रमात क्वचितच असते, आणि असलेच तर तासाभरापुरते. माझी मुलगी नोकरीनिमित्त पिसात राहते. तिच्या ओळखीने, लुक्कातच जन्मलेल्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर हे शहर पायी पाहता आले, आणि त्यावरून आपल्या शहरासाठी एक सूचना करावीशी वाटते.

लुक्कातील अँफिथिएटरचा, म्हणजे रोमन काळातील खुल्या प्रेक्षागृहाच्या जागेवरचा, लंबगोल चौक प्रसिद्ध आहे. बाईंनी मात्र आम्हाला आधी चौकात न नेता त्याच्या मागच्या गल्लीतून फिरवले, कारण तेथील घरांच्या मागच्या भिंतींत रोमन काळातील कमानी आणि दगडी बांधकाम अजूनही दिसते. मूळ वास्तू पडल्यावर लोकांनी तिच्याच भिंतींच्या आधाराने घरे बांधली, म्हणून चौकाला तो आकार राहिला. रोमन काळातील जमीन मात्र आजच्या फरसबंदीच्या बरीच खाली आहे. चौकाच्या आतली दाटी हटवून मधली जागा मोकळी केली ती १८३०च्या सुमारास वास्तुविशारद लोरेंझो नोत्तोलिनी यांनी.

त्याच नोत्तोलिनींनी दक्षिणेकडच्या डोंगरातील झऱ्यांचे पाणी शहरात आणण्यासाठी चारशेहून अधिक कमानींचा, तीन किलोमीटरांपेक्षा लांब जलसेतू बांधला. तो पाहायला पर्यटक फारसे जात नाहीत. आम्ही त्याच्या कडेने बराच वेळ चाललो, आणि पुढे मोटार महामार्गासाठी त्यातील काही कमानी पाडण्यात आल्या, हेही बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. आपल्या गावाचे नुकसानही परक्याला दाखवावे, हा त्यांचा गुण मला फार मोलाचा वाटला.

शहराभोवतीचा तट चार किलोमीटरांहून थोडा अधिक घेराचा आहे आणि त्यावर आता झाडांच्या सावलीत लोक फिरतात, सायकली चालवतात. युद्धात त्याला वेढा कधी पडलाच नाही, पण १८१२ मध्ये सेर्क्यो नदीला पूर आला तेव्हा दरवाजे बंद करून याच तटाने गाव वाचवले. त्या वेळी तेथे राज्य करणारी नेपोलियनची बहीण एलिझा बाहेर अडकली आणि तिला यारीने (क्रेनने) तटावरून आत घ्यावे लागले, अशी कथा गावात सांगतात. पानशेतचा पूर पाहिलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला ती ऐकताना १२ जुलै १९६१ आठवल्याशिवाय कसा राहील? गुइनिजी मनोऱ्याच्या माथ्यावरची झाडे आणि संगीतकार पुच्चिनी यांचे जन्मघर आम्ही पाहिले, पण ते सर्व माहितीपुस्तिकांत असतेच.

पुण्यात अशा गोष्टींची वाण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. त्या नळाचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली उभी तोंडे) कोठे आहेत, काळा हौद आणि बदामी हौद ही केवळ चौकांची नावे नसून तेथे खरोखर पाणी भरले जात असे, हे पाहुण्याला कोण सांगणार? बाहेरगावचा माणूस शनिवारवाडा पाहून, तुळशीबागेत खरेदी करून परत जातो. काही अभ्यासू मंडळी वारसा फेऱ्या आयोजित करतात आणि त्यांचे काम उत्तम आहे, परंतु त्या बहुधा ठरावीक दिवशी असतात आणि त्यांत पेठेत हयात घालवलेल्या रहिवाशाला बोलायला फारशी जागा नसते.

म्हणून महापालिकेला विनंती आहे, की प्रत्येक पेठेतील इच्छुक ज्येष्ठ रहिवाशांची नोंद करावी, त्यांना इतिहास अभ्यासकांकडून थोडे प्रशिक्षण द्यावे म्हणजे दंतकथा आणि नोंदी यांची सरमिसळ होणार नाही, आणि ठरलेल्या मानधनावर पाहुण्यांबरोबर दोन तास चालण्याची सोय करावी. इटलीत व्यवसाय म्हणून पर्यटन मार्गदर्शक व्हायचे तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे ओळखपत्र आणि छोटी चाचणी एवढ्यावरही सुरुवात होईल. नारायण पेठेत पुराचे पाणी कोणत्या वाड्यात कोठवर चढले होते, हे जागेवर उभे राहून दाखवू शकणारी माणसे आता सत्तरीच्या बरीच पुढे आहेत, त्यामुळे पहिली नोंदणी नदीकाठच्या पेठांपासून आणि याच वर्षी व्हावी.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ, पुणे