उपचारानंतर मुलांनी जायचे कुठे?

महोदय,

तरुणांमधील सायकोसिसवरच्या, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणाऱ्या मानसिक आजारावरच्या, आपल्या अंकातील कालच्या लेखात लवकर निदानाचे महत्त्व उत्तम सांगितले आहे. पण औषधे सुरू झाल्यावर त्या मुलाने परत जायचे कुठे, याबद्दल त्यात एक ओळही नसावी, याचे मनापासून वाईट वाटले.

माझा भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. शेजारच्या खोलीत आपल्याविषयीच बोलणे चालले आहे, असे त्याला ऐकू येई; मोबाइल तो कपाटात कपड्यांखाली दडपून ठेवी. बहिणीने वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले, औषध लागू पडले आणि काही महिन्यांत आवाज थांबले. खरी परवड त्यानंतर सुरू झाली. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी त्याचा डोळा उघडत नसे आणि प्रॅक्टिकल नेमके आठला असे. हाताला कंप असल्याने ब्युरेटमधून (प्रयोगशाळेतील मापनळीतून) द्रावण थेंब थेंब सोडणेही त्याला जमत नसे. थोडे दिवस त्याला दुपारच्या बॅचमध्ये बसू द्यावे, एवढेच आम्ही मागत होतो. कॉलेजने डॉक्टरांचे पत्र फाइलला लावले, हजेरीचा नियम पुढे केला आणि ‘काही झाल्यास जबाबदारी पालकांची’ असे हमीपत्र लिहून घेतले. वसतिगृहाने तर जागाच नाकारली. मुलाचे वर्ष गेले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, अशी तरतूदही आहे. ती प्राचार्यांना कोणी सांगायची? ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. पॅट्रिक मॅकगोरी यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये अशा तरुणांसाठी जी सेवा सुरू झाली, तिथे मुलाला शिक्षणात आणि नोकरीत पुन्हा उभे करणे हा उपचाराचाच भाग मानतात. आपल्याकडे ते सारे आईवडिलांवर सोडलेले आहे. लक्षणे ओसरली तरी औषधे साधारणपणे निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवावी लागतात, आणि ज्याला कॉलेजने घरी बसवले त्याने ती रोज कशाच्या आशेवर घ्यायची, याचे उत्तर माझ्या बहिणीकडे नव्हते.

आणखी एक. ज्या अंकात आपण लवकर उपचारांचा आग्रह धरता, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘करणी, बाहेरची बाधा, खात्रीशीर उपाय’ छापून येते. कित्येक घरांत पहिले मोलाचे महिने अशाच दारांत जातात. त्या जाहिराती घेणे आपण बंद करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा