पाच मिनिटं थांबलेल्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईचं बीपी १३४/८२ आलं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी आकडा सांगितला, तशी आई तिथंच मला म्हणाली, "त्या मोजायला येणाऱ्या बाईला सांगितलास काय रे?" तुमचा नंबर माझ्याकडं नाही. आमच्या गावचं काम संपवून तुमची टीम दुसऱ्या तालुक्यात गेली, एवढंच कळलं. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला आवडलं नसतं, याची खात्री आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी घरीच होतो, आणि तुमच्याशी नीट बोललो नव्हतो. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांना फायली घेऊन येणाऱ्या माणसांची सवय आहे. कोण जनगणनेला येतं, कोण रेशनकार्डाला, कोण निवडणुकीआधी मराठी-कानडीचं राजकारण करायला. सगळी लिहून घेतात आणि जातात. तुम्ही उलट आधीच सांगून टाकलात की हे बीपीवरचं संशोधन आहे, आमच्याकडनं तुम्हाला औषध मिळणार नाही, नको वाटलं तर नाही म्हणा, त्यानं सरकारी दवाखान्यातलं काही बंद होणार नाही. काही गावांत दर महिन्याला घरी येऊन सल्ला देणार, काही गावांत फक्त मोजणार, आणि कुठलं गाव कशात हे चिठ्ठी काढून ठरलंय. आमचं गाव 'फक्त मोजणार' मध्ये निघालं. मी म्हणालो, म्हणजे आम्ही नुसते तुलनेला? तुम्ही हो म्हणालात. सारवासारव केली नाहीत. अंगठा घ्यायच्या आधी कागदावरचं सगळं आईला मराठीत वाचून दाखवलंत, तुमच्या घरात कन्नड चालत असूनही.

याच्या आधी आईचं बीपी कुणी बघितलंच नव्हतं असं नाही. बाजाराच्या गावातले एक डॉक्टर बघायचे. नाव लिहीत नाही, अख्ख्या भागाला माहीत आहेत. आई टेम्पोतनं उतरून, चढ चढून, दमून आत जायची. ते पोलक्याच्या बाहीवरनंच पट्टा गुंडाळायचे, फुस्स करून हवा सोडायचे आणि म्हणायचे, "चालून आलाय ना, म्हणून वाढलंय. वयोमानानं असतंच." मग अशक्तपणाला म्हणून एक सलाईन. कधी आठवडाभराच्या गोळ्या, आणि बरं वाटलं की बंद करा. बीपीत बरं न वाटण्यासारखं काही नसतंच, हे त्यांना माहीत नसेल कसं? शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातही नेलं होतं. तिथं काउंटरवरच्या मुलीनं आईकडं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही, फॉर्मवर बोट ठेवून "इथं अंगठा" एवढंच म्हणाली. डॉक्टरांपर्यंत पोचलो तेव्हा ते जेवायला उठले होते.

आता तुमचं सांगतो. आई काजूच्या बागेतनं नुकतीच आली होती, कपाळाला घाम, पदर खोचलेला. तिनं रीतीप्रमाणं विचारलं, चहा ठेवू काय गं? तुम्ही म्हणालात, "आधी माप, मग चहा. आणि मिश्री लावलीसा काय आत्ता?" आई लाजून हसली. नाही म्हणाली, आणि ते खरं होतं. मग तुम्ही तिला भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसवलंत, पाय जमिनीवर सपाट ठेवायला लावलेत, दंड मोकळा केलात. हात अधांतरी राहायला लागला तसं इकडं तिकडं बघून खाटेवरची वाकळ उचललीत, चौघडी करून टेबलावर ठेवलीत आणि तिच्यावर आईचा हात ठेवलात, छातीच्या बरोबरीला. वाकळ खाली सरकली तर परत एक घडी घातलीत. आणि मग गप्प बसलात. पाच मिनिटं. मोबाईल काढला नाहीत, वही चाळली नाहीत. आई बोलायला लागली तर ओठावर बोट ठेवून हसलात. कोंबडी आत आली, तिला मी हाकललं, तेवढाच काय तो आवाज.

बेळगावच्या उद्यमबागेत मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. लेथवरनं उतरलेल्या गरम जॉबला लगेच मायक्रोमीटर लावला तर माप फुगीर येतं. नवीन पोरांना आम्ही पहिलं हेच शिकवतो, जॉब थंड होऊ दे, मग माप. लोखंडाच्या तुकड्यासाठी आम्ही थांबतो. माझ्या आईसाठी तोवर कुणी थांबलं नव्हतं.

माप आलं १७८/१०४. थोड्या वेळानं परत घेतलंत, १७४/१०२. आई म्हणाली, चालून आल्ये ना गं, म्हणून. त्या डॉक्टरचं वाक्य तिनं पाठ केलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "चालून आलाय म्हणूनच थांबलो की ओ, मावशी." तिथं तिची बोलती बंद झाली. बसून, टेकून, शांत होऊनही एवढं, म्हणजे हे चढाचं नव्हे. ते वाढतं म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. थांबून मोजलंत म्हणून पटलं. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात तुम्ही आकडा लिहिलात, ठळक मराठी अंकात, आणि दवाखान्याला दाखवायची चिठ्ठी दिलीत. वर्षानुवर्षं चुकून चुकून मोजल्यावर एक आकडा खरा मिळाला, आणि तो औषध न देणाऱ्या माणसाकडनं मिळाला.

मला हे इतकं का लागलं ते तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. बाबांना लकवा झाला तो भर आषाढात. ओढ्यावरच्या फरशीवरनं पाणी चाललेलं, खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत आणलं, तिथनं जीप. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. आमच्याकडं पावसाळ्यात ते साडेचार तास ओढ्याच्या अलीकडंच संपतात. बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या माणसाला आणि आम्हाला तेच औषध लागू आहे, फक्त आमच्यापर्यंत घड्याळ पोचत नाही. बाबांचं बीपी आयुष्यात कुणी मोजलेलं मला आठवत नाही. लकवा येऊच नये म्हणून जे करायचं ते मात्र खेड्यात होण्यासारखं आहे. एक पट्टा, रोजच्या एक-दोन गोळ्या आणि न कंटाळता परत परत येणारं माणूस. गोळ्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आईला अम्लोडिपिन चालू आहे, नंतर एक आणखी वाढवली. मध्ये एकदा साठा संपला होता तेव्हा मेडिकलमधनं आणली, फार महागही नव्हती.

तुमच्यामुळं मी वाचायला लागलो. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले, त्यात ३५.५ टक्के प्रौढांना रक्तदाब निघाला. म्हणजे आमच्या वाडीवर दर तीन मोठ्या माणसांत एक तरी, आणि बहुतेकांना पत्ता नाही. तुमच्यासारखंच काम बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० खेड्यांच्या गटांत झालं होतं, २,६४५ माणसांवर. त्यातल्या निम्म्या गटांत तिथल्या सरकारी आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावायच्या, गरज असेल त्याला शिकवून तयार केलेल्या डॉक्टरकडं पाठवायच्या. दोन वर्षांनी त्या गावांतला वरचा आकडा बाकीच्या गावांपेक्षा सरासरी ५ नं जास्त उतरला. २०२० मध्ये छापून आलंय. पाच म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. पण आमच्या कामात दोन दशांशानं जॉब रिजेक्ट होतो, आणि हजारो माणसांत पाचचा फरक म्हणजे किती लकवे टळले असतील बघा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा हॉस्पिटलवाल्यांनी दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून, व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली होती. तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटातल्या बायकांना मात्र फक्त माहिती दिली गेली, त्यावरनं टीकाही झाली. खरं सांगतो अक्का, ती टीका मला पटते. चिठ्ठी काढल्याशिवाय उपाय चालतो की नाही ते कळत नाही, हे डोक्याला कळतं. पण चिठ्ठीत दुसरीकडं निघालेल्या गावात राहणाऱ्याला ते सोपं नसतं. तुमच्या साहेबांना हेही सांगा. तुमच्यावर राग नाही. तुम्ही नियमात राहून जेवढं करता येत होतं ते केलंत, आणि त्यातलं एकही टाळलं नाहीत.

भली माणसं अशीच असतात बहुतेक, कामाच्या जागी सापडणारी. लोंढ्याच्या स्टेशनावर आईला डबा शोधून देणारा हमाल, पावसात बस थांबवून ठेवणारा कंडक्टर, आमची आशा कार्यकर्ती, जी आता तुमच्यासारखंच आधी बसवते आणि मग पट्टा बांधते. आईनंच तिला सांगितलं म्हणे, अशी नव्हे, आधी वाकळ घाल.

आईची मिश्री अजून सुटलेली नाही. कमी केल्ये म्हणते. सुकटीवरही वाद चालू आहेत. तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं.

एक मागणं आहे. तुमच्या अभ्यासाचा निकाल लागेल तेव्हा तो इंग्रजीत कुठं तरी छापून येईलच. पण आम्ही दंड पुढं केलेत, तर काय निघालं ते गावात येऊन सांगा. घरी सल्ला देणाऱ्या गावांत खरंच फरक पडला असेल तर तीच पद्धत आमच्याकडंही सुरू करा म्हणून साहेबांकडं शब्द टाका. रविवारी आलात तर बरं, मला सुट्टी असते. देवळात माणसं जमवायचं माझ्याकडं लागलं.

तुमचा,
खानापूर तालुक्यातला एक मशीन शॉपवाला