लीड्सची 'सोलो'

लीड्स (इंग्लंड),
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विजेवरच्या डबल डेकरमधून सीएसएमटी ते एनसीपीए फेरी मारलीस, तीही वर अगदी पुढच्या सीटवर बसून! वाचून हेवा वाटला. त्या गाडीवर 'स्विच' हे नाव वाचलंस ना? त्या घराण्याची एक शाखा इथे माझ्या गावात रुजली. मी रोज ज्या छोट्या बसने कामाला जातो, ती 'सोलो' त्याच घराण्यातली.

इथल्या क्रॉसगेट्स भागात 'रो' नावाचा बस बांधणारा जुना कारखाना होता. १९८४ साली त्याची मालक असलेल्या लेलँड या ब्रिटिश वाहन कंपनीने तो बंद केला. पुढच्याच वर्षी रसेल रिचर्डसन या तिथल्याच अधिकाऱ्याने जुने कामगार गोळा केले आणि त्याच जागेत 'ऑप्टेअर' कंपनी उभी केली. मला हा माणूस फार मोठा वाटतो. हातात कसब असलेली माणसं त्याने घरी बसू दिली नाहीत.

तेव्हा इथे छोट्या बसचं पेव फुटलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनबाहेरची बससेवा सगळ्या कंपन्यांना खुली झाली आणि मालवाहू व्हॅनला खिडक्या-सीट लावून गाड्या रस्त्यावर आल्या. लोक त्यांना पावाची गाडी म्हणायचे. दार अरुंद, पायऱ्या उंच. म्हाताऱ्यांचे फार हाल.

१९९७ साली ऑप्टेअरने सोलो आणली. तिची खुबी चाकांत आहे. एरवी इथल्या बसचं दार पुढच्या चाकाच्याही पुढे असतं. सोलोची पुढची चाकं अगदी कोपऱ्यात सरकवली आणि दार त्यांच्या मागे घेतलं. त्यामुळे दाराशी चाकाचा उंचवटा मध्ये येत नाही, फूटपाथवरून पाऊल थेट आत पडतं. नावही त्यावरूनच: इंग्रजीत 'सो लो', म्हणजे इतकी खाली!

मागे आई इथे आली होती. तिचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. पहिल्या दिवशी सवयीने तिने एका हाताने निऱ्या उचलल्या, दुसऱ्या हाताने दांडा धरला, आणि बघते तर चढायला काही नाहीच. निऱ्या सोडून ती माझ्याकडे बघत राहिली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "देव तुझं भलं करो." त्याला काय कळलं कोण जाणे, पण ती सीटवर बसेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. त्यानंतर महिनाभर ती एकटी बाजारात जायची रे.

पुढे ज्या लेलँडने कारखाना बंद केला, तिचंच नाव लावणाऱ्या आपल्या अशोक लेलँडने २०१० मध्ये ऑप्टेअरमध्ये हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. मधल्या काळात कारखाना जवळच्या शेरबर्नला हलला होता. २०२० मध्ये कंपनीचं नाव 'स्विच' झालं. यंदा मार्चमध्ये मात्र शेरबर्नचं उत्पादन थांबवण्याची बोलणी सुरू झाल्याची बातमी आली. तेव्हापासून सोलोत बसलो की दाराकडे लक्ष जातं आणि जीव तुटतो.

आता एक काम कर. पुढच्या वेळी डबल डेकरमध्ये काकूंना घेऊन जा आणि दारातली पायरी त्यांना किती उंच पडते ते बघून मला सविस्तर लिही. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश