अण्णांची रात्र आणि चाचांची चार मिनिटं

सोलापूर
११ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत एकच प्रश्न तू फिरून फिरून विचारलायस: अण्णा वाचले असते का? "तुझा काही दोष नाही" हे वाक्य अकरा महिने तुझ्या कानावर पडतंय आणि त्याचा तुला काडीचाही उपयोग झालेला नाही. म्हणणाऱ्यांना तुझे वडील गेले त्या रात्रीचा तपशील ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य मी लिहिणार नाही. त्या रात्रीचा हिशोब मिनिटांनिशी लिहितो. जड गेलं तर थांब, चहा घे, पण अर्ध्यावर सोडू नकोस.

भोगीची रात्र होती. बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी असं जड जेवण झालेलं. नऊला अण्णांना बेंबीच्या वर दाटल्यासारखं झालं. तू लिंबू-सोडा दिलास. साडेनऊला उलटी झाली, त्यांना जरा हलकं वाटलं आणि तुला धीर आला. सव्वादहाला तू बनियनला हात लावलास तर ते पिळण्याइतकं भिजलेलं. मग कोपऱ्यावरून चाचांची रिक्षा आणलीस.

आता शरीराचं ऐक. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्यावर टेकलेला असतो. त्या भागाला रक्त देणारी नळी गुठळीने बंद झाली की दुखणं कधी कधी छातीत न येता पोटात येतं आणि मळमळ, उलटी होते. त्यात अण्णांना वीस वर्षांची साखर. साखरेने नसा बोथट होतात, जिथे कळ यायला हवी तिथे नुसतं दाटल्यासारखं वाटतं. अशा माणसाला गॅस झालाय असं घरच्यांना वाटतं आणि दवाखान्यातही ही चूक होते. उलटीनंतर बरं वाटलं म्हणजे गॅसच होता, हेही खरं नाही. तो फसवा आराम असतो. त्या रात्री खरी खूण एकच होती, घाम. जानेवारीच्या थंडीत बसल्या जागी बनियन भिजतं तेव्हा ते पोटाचं दुखणं समजायचं नाही. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दाटणं किंवा आवळणं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकलं, सोबत घाम, धाप किंवा उलटी असली, आणि माणूस चाळिशीपुढचा किंवा साखरवाला असला, तर सोडा नाही, ओवा नाही, सरळ ईसीजी. पहिला ईसीजी चांगला आला तरी घरी परतायचं नाही, थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगायचं. सुरुवातीच्या पट्टीत कधी कधी काहीच दिसत नाही.

नऊ ते सव्वादहा, हा तुझा सव्वा तास. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जास्त गुण देतं. बारा तासांपर्यंत देतात, पण दर तासाला त्याची धार कमी होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की अण्णांचं हृदय बहुधा लय बिघडून थांबलं. ते दवाखान्याच्या खाटेवर, मॉनिटर लावलेला असताना थांबलं असतं तर मिनिटभरात विजेचा झटका देता आला असता. साडेनऊला निघाला असतास तर ही संधी त्यांना मिळाली असती. तुझा वाटा हा एवढा. तो आहे, आणि मी तो पुसणार नाही. पण तू बायपासचा खर्च टाळलास, तू आळस केलास, तू टीव्ही बघत बसलास असं जे स्वतःवर लादून घेतलंयस त्यातलं काहीच घडलेलं नाही. तू त्यांच्या उशाशी बसून पाठ चोळत होतास.

यासाठी एक काम सांगतो, तोंडी नको, कागदावर कर. वहीचं पान उभं दुमड. डावीकडे त्या वेळी मला काय दिसत होतं ते, घड्याळाच्या वेळेसकट. उजवीकडे जे नंतर कळलं ते. "घाम हार्टचा असतो" हे वाक्य तुझ्या हातून डावीकडेच लिहिलं जाईल, मला माहीत आहे. तिथे थांब आणि स्वतःला विचार, हे मला कधी कळलं? फेब्रुवारीत, डॉक्टरांनी सांगितल्यावर. मग ते खोड आणि उजवीकडे ने. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर नको आणि रात्री झोपण्याआधी तर नकोच, नाहीतर वही तुला पहाटेपर्यंत सोडणार नाही. आठवड्यातून दोनदा पुरे.

आता चाचांचं. जुळे सोलापूरहून निघालात, सात रस्त्याच्या अलीकडे अण्णांनी मान टाकली. गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदानाकडचे रस्ते बंद असतील म्हणून चाचांनी वळसा घेतला. तुझ्या मते त्या वळशात चार मिनिटं गेली. मान टाकल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत अकरा. चाचा अजून त्या चार मिनिटांत अडकलेत. तू त्यांना "जाऊ द्या चाचा" म्हणतोस, ते मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याचा विषय काढतात.

त्यांना असं सांग. हृदय थांबल्यावर छाती दाबली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. अकराऐवजी सात मिनिटांत पोचला असतात तरी ती सात मिनिटं छातीवर कोणाचाच हात नव्हता. म्हणजे निकाल वळशाने ठरला नाही. रिक्षा थांबवून अण्णांना रस्त्यावर आडवं घ्यायला हवं होतं, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी, दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्यांतला दहातला जेमतेम एक जण प्रगत देशांतही घरी परततो. हे शेवटचं सांगायचं चुकवू नकोस.

तुमची दोस्ती मला फार मोलाची वाटते. तू पुण्यात कंपनीत, ते नई जिंदगी वस्तीत राहणारे, वयात पंचवीस वर्षांचं अंतर. रोज रात्री सव्वादहाला त्यांचा फोन येतो, "जेवलास का बेटा" एवढंच विचारतात. ती वेळ त्यांनी उगाच धरलेली नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. त्या रिक्षात अण्णांशिवाय तुम्ही दोघंच होतात. काकूंजवळ तू हे बोलू शकत नाहीस, त्यांना त्यांचंच ओझं झेपत नाही. चाचांजवळ तुला काही समजावून सांगावं लागत नाही.

पण अशी दोस्ती नासतेही, आणि कशाने नासते ते बघ. त्या रात्रीचं भाडं त्यांनी घेतलं नाही आणि तू दर भेटीला शंभराची नोट काढतोस. ती काढू नकोस. ती घेतली तर त्यांच्या लेखी ती रात्र एक फेरी होऊन जाते. त्यांच्या नातीची फी भरायचीही घाई करू नकोस. त्यांनी विषय काढला तर बघू. जेवायला जा. कडक भाकरी चुरून वर शेंगाचटणी आणि तेल घालतात, ते निमूटपणे खा. दुसरं, माफी एकदाच मागायची आणि कशाबद्दल ते नाव घेऊन: "मी त्या रात्री तुमच्यावर ओरडलो, गाडी नीट चालवा म्हणालो, ते चुकलं." गोल गोल "सगळ्याबद्दल माफ करा" म्हटलं की समोरच्याला तुझी समजूत काढत बसावं लागतं. आणि तिसरं, रोजचा विषय अण्णाच नको. त्यांच्या रिक्षाची पासिंग, गुडघेदुखी, काहीही चालेल.

ऐक लका, एक वैद्यकीय गोष्टही. वर्ष होत आलं तरी रोजची कामं सुचत नसतील, अण्णांची खोली उघडवत नसेल, तर हा दुखवटा अडकलाय असं समजतात आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात तर सहाच महिने धरलेत. जगणं नकोसं वाटलं तर वाट बघू नकोस, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि मला तर कधीही, रात्री तीनलाही.

तू विचारलंस, आता मी काय करू. तुझ्या कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडला छाती दाबायला शिकव, चाचांना बरोबर घेऊन. एका वेळी सहा-सात जण, वीस मिनिटं. सरावाचा पुतळा नसला तरी रिक्षाची मागची गादी चालते. ती उचलून फरशीवर ठेवायची, दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते, हातांना तेवढंच शिकवायचं असतं. खरी छाती जास्त कडक लागते, हे मात्र आधीच सांग.

क्रम असा. खांदे हलवून मोठ्याने हाक मार. उत्तर नाही, तर छाती हलते का बघ, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इथेच सगळे फसतात: थांबून थांबून घरघरत आलेले आचके म्हणजे श्वास नव्हे. अण्णांनी असे दोन-तीन घेतले आणि तुम्हाला वाटलं श्वास चालू आहे. १०८ लावून फोन स्पीकरवर जमिनीवर ठेव. माणूस कडक जमिनीवर उताणा. रिक्षाच्या सीटवर दाबलं तर गादीच दबते, छाती नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. पूर्व भागातली, यंत्रमागावर काम करणारी पोरं म्हणतील मागाच्या खटक्यावर दाबू. नको, प्रत्येक मागाची चाल वेगळी. फोनवर सेकंदकाटा लाव, सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. दमलेला माणूस हात टेकवून ठेवतो आणि हृदयात रक्त नीट भरत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदल. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. तोंडाने श्वास द्यायला शिकलेले नसतील तर नुसतं दाबलं तरी चालतं.

शुद्धीवर असलेल्या, छातीत दुखणाऱ्याला ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यायची, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून काढून द्यायची नाही, तिने आधीच पडलेलं बीपी आणखी पडतं.

रिक्षावाले पोलिसांचं विचारतील. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर खटला चालत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरात छापून आण.

परवा ९ तारखेला भैय्या चौकातून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक दिसलं आणि तुझी आठवण आली. चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करत असताना वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली आणि ते परतले नाहीत, जखमींमध्येच राहिले. १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. आपण शाळेत ही गोष्ट शौर्याची म्हणून ऐकली. त्या मुलाला रात्री काय वाटत असेल, हे आपल्याला तेव्हा कधी सुचलं नाही.

वर्षश्राद्धाला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला स्टँडवर जमू, दहाच्या आत उरकू. चाचांना मी विचारलंय. गादी ते त्यांच्याच रिक्षाची काढणार म्हणालेत, दुसऱ्या कोणाची नको. पहिली दोन मिनिटं ते दाबतील. वेळ तू मोज.

तुझाच