तळ्याकाठच्या मोटरहोमचे पाणी जाते कुठे?

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीत मोटरहोम घेऊन दूरच्या तळ्याकाठी मुक्काम करण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. पहाटेचे धुके, अंथरुणातून दिसणारे पाणी, रात्रीची शांतता, सगळे अगदी खरे आहे. पण चाकांवरच्या त्या घरात वापरलेले पाणी शेवटी जाते कुठे, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. मी तेहतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळेही असेल, पण ती ओळ मी शेवटपर्यंत शोधत राहिले.

गेल्या वर्षी दादा, वहिनी आणि मी भाड्याचे मोटरहोम घेऊन अशाच एका उद्यानात तीन रात्री राहिलो. तिथे वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. टाक्या रिकाम्या करायचे डंप स्टेशन तासाभराच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काठाने फिरत होते, तेव्हा लव्हाळ्यांच्या बुंध्याशी पांढरा फेस साचलेला दिसला. त्याचा माग काढत वर गेले, तर शेजारच्या गाडीखालून एक पाइप झुडपात सोडलेला होता आणि त्यातून भांडी धुतलेले पाणी उताराने सरळ तळ्यात चालले होते. मी त्या गृहस्थांना विचारले. ते भले माणूस होते, चिडले नाहीत. म्हणाले, "अहो ताई, साबणाचंच पाणी आहे, संडासाचं थोडंच आहे!"

हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे, कारण असे वाटणारे ते एकटे नाहीत. मोटरहोममध्ये साधारणपणे तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, बेसिन-मोरीच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. मैल्याची टाकी जपायची हे कोणाला सांगावे लागत नाही. सांडपाण्याच्या टाकीला मात्र माणसे निरुपद्रवी समजतात. तिच्यात तेल असते, अन्नाचे कण असतात, अंगावरचे जंतू असतात आणि फॉस्फरस असतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसच्या कमतरतेमुळेच आवाक्यात राहिलेली असते. तो बाहेरून मिळाला की शेवाळ माजते, मग मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे तडफडतात ते त्यानंतर.

यावरचा एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो दाखवला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होत. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर पुढे अनेक देशांनी मर्यादा आणली. पण उष्ट्या भांड्यांच्या पाण्यात फॉस्फरस असतोच, त्याला कोणता कायदा काढणार?

शिवाय तळे म्हणजे नदी नव्हे. नदीत पडलेले निदान पुढे वाहून जाते. तळ्यात आलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच राहू शकते. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर या विशाल सरोवरातले पाणी पूर्ण बदलायला सुमारे १९१ वर्षे लागतात.

'बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या साबणानेही फसू नये. तो विघटित होतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे, म्हणून तो वापरायचाच असेल तर पाण्यापासून किमान ६० मीटर दूर. आणि मोटरहोममध्ये तर तेही करायचे कारण नाही, कारण टाकी आहेच. ती भरत आली की डंप स्टेशनवर न्यायची. आधी मैल्याची टाकी रिकामी करायची, नंतर सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी निघून जाते आणि घट्ट मळ तळाशी थिजतो. त्या टाकीत दुर्गंधी रोखायला घालायचे औषध फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्यावे. दुर्गम उद्यानात मैला बहुधा सेप्टिक टँकमध्येच जातो, आणि फॉर्मल्डिहाइड तिथले उपयोगी जिवाणू मारते.

हे जमते का? आम्हाला जमले. वहिनी ताटे आधी कागदाने पुसून घेत, मगच धूत. अंघोळीत अंग ओले केले की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी सकाळी सांडपाण्याची टाकी भरायला अजून थोडी जागा होती. दादाला याचा फार अभिमान वाटला.

जनरेटरबद्दलही एक शब्द. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पलीकडच्या काठापर्यंत स्पष्ट पोचतो. अंधार पडल्यावर जनरेटर बंदच असावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, हे झोपण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावे.

आम्हाला गाडी देताना गिअर, दिवे, पलंग कसा उघडायचा, सगळे दाखवले. टाक्यांचे व्हॉल्व्ह दाखवले नाहीत. दादा स्वतः वाकून शोधत बसला. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी किल्ली हातात ठेवण्याआधी पंधरा मिनिटे गाडीखाली घालवावीत. उद्यान चालवणाऱ्यांनी जवळच्या डंप स्टेशनचा पत्ता प्रवेशद्वारावरच लावावा, कारण आत रेंज नसते.

त्या गृहस्थांशी मी अर्धा तास बोलले. त्यांनी पाइप गुंडाळला आणि मला व्हॉल्व्ह बंद करून दाखवला. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी असा लेख येईल तेव्हा त्यात डंप स्टेशनबद्दल निदान एक परिच्छेद यावा, एवढी विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका